काल्याच्या दिवशीचं पुरण

सुरतेत गोडादऱ्याच्या त्या गल्लीत खापरावरचे मांडे करता येणारी एकटी बाई म्हणजे जयश्री, आणि तेच तिला नडलं होतं. गल्लीत सप्ताह बसला होता, मांडव चार घरं सोडून. पण सहा दिवसांत तिनं कीर्तन पाहिलं नव्हतं. भोंग्यातून जेवढं कानावर आलं तेवढंच. टाळकऱ्यांचा चहा, नाश्ता, परत चहा. माहेरी ती मृदंग वाजवणाऱ्या बापाला खेटून, अगदी पुढ्यात बसायची. लग्न होऊन सुरतेला आली त्याला आठ वर्षं झाली. मांडवात ती एकदाही टेकली नव्हती.

आज काला. कीर्तनकार ताराताई आणि त्यांचे टाळकरी अशी वीस पानांची पंगत हिच्याच घरी. सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, महिनाभर आधीच गल्लीत सांगून ठेवलं होतं की ताराताई महाराज आमच्या सुनेच्या हातचे मांडे जेवतील. पुरण भरलेला मांडा हातांवर झुलवत रुमालाएवढा वाढवायचा आणि तापल्या उपड्या खापरावर टाकायचा. एकदा खापरापुढं बसलं की शेवटचा मांडा उतरेपर्यंत उठणं नाही. म्हणजे काल्याचं कीर्तनही गेलं.

शेजारचं लूमचं खातं, तो कापडाचा कारखाना, आज बंद होतं, म्हणून भोंगा घरात बसल्यासारखा बोलत होता. डाळ शिजली. आधी कट गाळायचा, मग गूळ घालायचा, हे जयश्री झोपेतही चुकली नसती. पण ताराताईंनी गौळण धरली. माहेरी बाप वाजवायचा तीच चाल. तिचे डोळे भरले, आणि सगळा गूळ कटासकट डाळीत गेला.

पळी फिरवली तर पुरण आमटीसारखं हललं. जाळ मोठा करून पाहिला, ते खाली लागायला लागलं.

मंगलाबाई डोकावल्या. "हाई काय करी ठेवं तू?"

त्यांनी आधी दाराची कडी लावली, शेजारणीनं पाहू नये म्हणून. मग भिंतीला टेकून बसल्या. नवी डाळ शिजवायला वेळ नव्हता. गल्लीत तोंड कसं दाखवू, एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. बिनखिडकीच्या त्या खोलीत खापर रसरसत होतं, वाफेनं जीव कोंडत होता, आणि जयश्रीला वाटलं, आता ही चूक भरून काढता काढता पुढचे सगळे सप्ताहही याच चार भिंतींत जाणार.

भोंग्यातून ताराताई सांगत होत्या, गोपाळांच्या शिदोऱ्या काही सारख्या नव्हत्या. कुणाची भाकर करपलेली, कुणाचं दही आंबलेलं. देवानं कुणाचं काही बाजूला टाकलं नाही. सगळं एकात एक कालवलं.

जयश्रीनं परात ओढली. गव्हाचं पीठ घेतलं, तुपाचं मोहन घातलं, जायफळ किसलं, आणि पाण्याचा थेंबही न घेता ते पातळ पुरणच ओतत पीठ मळलं. पहिली पुरी तेलात विरघळली. तिनं आणखी दोन मुठी पीठ दाबलं. दुसरी टम्म फुगून वर आली, गुळाच्या रंगाची.

मंगलाबाईंनी अर्धी खाल्ली. उरलेली अर्धीही खाल्ली, उठल्या आणि स्वतःच कडी काढून शेजारच्या लीलाला लाटायला हाक मारली.

लीला लातूरकडची, जिभेला हाड नसलेली. तिची पहिली पुरी वाकडी लाटली गेली, तरी फुगलीच. तेवढ्यात मंगलाबाईंना हुरूप आला. पुढच्या वर्षी याच पुऱ्या करू, आणि त्याही आमच्या सुनेलाच जमतात, असं त्या लीलाला ऐकवू लागल्या.

जयश्रीचा झारा थांबला. गप्प राहिली असती तर कौतुक पदरात पडलं असतं, आणि पुढचं वर्षही याच खोलीत गेलं असतं.

"आत्याबाई, हाई कोनले बी जमस," ती हळूच म्हणाली. "लीलावहिनीनी पुरी देखा, फुगनी."

"मांड्याला तुझे हात लागत्यात बाई," लीला हसली, "याला आमचेबी चालतील."

मंगलाबाईंनी लीलाची वाकडी, फुगलेली पुरी उचलून पाहिली. भोंग्यात टाळांचा वेग वाढला. त्यांनी सुनेच्या हातातून झारा काढून घेतला.

"पयले हात धू," त्या म्हणाल्या. "मंग जाय."

जयश्री मांडवात पोचली तेव्हा हंडी फुटून गेली होती, ताराताई शेवटचं चरण घोळवत होत्या. ती चपलांच्या ढिगाशेजारी टेकली. नखांत पीठ तसंच होतं. तिनं मागं वळून पाहिलं, कुणी हाक तर मारत नाही ना. परत एकदा पाहिलं. मग मृदंग चढला, आणि तिचा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला.