भानुदासरावांचा शब्द

भानुदासराव बारामतीच्या नवजीवन क्रीडा मंडळाकडून १९७१ ते १९८६ अशी पंधरा वर्षे कबड्डी खेळले. जागा एकच, उजवा कोपरा. पुढे ते त्याच मंडळाचे चिटणीस झाले. त्या पंधरा वर्षांपैकी नऊ वर्षे मी त्यांच्या शेजारी, साखळीत त्यांचा डावा हात धरून उभा राहिलो. म्हणून जे पाहिले ते पाहिले म्हणूनच सांगेन आणि जे पाहिले नाही, ते तसे स्पष्ट लिहीन.

चढाई करणाऱ्याचा घोटा पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या पकडींनी त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे कायमची वाकडी झाली. पण त्यांचे नाव झाले ते दुसऱ्याच कारणाने. विरुद्ध बाजूच्या गड्याचा हात त्यांना लागला आणि पंचांना तो दिसला नाही, तर ते आपला हात वर करून स्वतःहून मैदानाबाहेर जात. सन १९७८ मध्ये कन्हेरीच्या जत्रेत आम्ही अंतिम सामना अशानेच घालवला. आमचा कप्तान त्यांच्यावर ओरडला, "भान्या, पंचाचा पगार तू घेतूस व्हय?"

"पंचाला दिसलं न्हाय," भानुदासराव म्हणाले. "मला तर कळलं ना."

"मग घरी जाऊन कळवायचं! आत्ताच कळवायची काय घाई होती?"

सगळे हसले, तेही हसले. पण हळूहळू असे झाले की तालुक्यातल्या कोणत्याही मैदानावर त्यांच्याविषयी वाद होईना. भानुदासने हात वर केला नाही म्हणजे लागलेच नाही, असे प्रतिस्पर्धीच पंचांना सांगू लागले. नियमांच्या पुस्तकात याला काही आधार नव्हता, तरी सगळे ते मानत.

ते राहायला कन्हेरीत. एका शाळेच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती, आणि वडिलांच्या पश्चात दर रविवारी विहारात वंदना सांगण्याचे काम भानुदासरावांकडे आले होते. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. पुण्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला, म्हणून मैदानाची आखणी आणि गुणलेखन मंडळाने माझ्याकडे दिले. ते चिटणीस आणि मी गुणलेखक, अशी आमची दुसरी जोडी जमली.

चिटणीस म्हणून त्यांनी मैदानाची माती दरवर्षी स्वतः चाळून घेतली आणि खेळाडू गावोगाव फिरून शोधले. काटेवाडीचा महिपती हा त्यांपैकीच एक. डावा कोपरा, अंगाने काटक, बोलायला कमी. १९९४ साली महिपतीला पंचविसावे चालू होते. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ज्या जागा असत, त्यांच्या वयोमर्यादेचे ते शेवटचे वर्ष होते, आणि त्यासाठी जिल्हा संघातून खेळल्याचे प्रमाणपत्र हवे होते. ते आदल्या वर्षी थोडक्यात हुकले होते. यंदा निवड समितीने जाहीर केले होते की जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाचे पाच गडी जिल्हा संघात जातील. महिपतीची आई धोंडाबाई मंडळात येऊन चिटणिसांना एवढेच म्हणाली होती, "आबा, ह्या साली तेवढं बगा."

तो सामना फेब्रुवारीत इंदापूरला झाला. समोर इंदापूरचाच भीमातीर संघ, आणि त्यांचा चढाईपटू वरकुट्याचा जोतीराम. शेवटच्या चढाईला आम्ही सत्तावीस, ते सव्वीस. पण आमचे सहा गडी बाद होऊन बसले होते आणि आत एकटा महिपती उरला होता. त्याला हात लागला असता तर एक गुण, आणि सगळा संघ बाद झाल्याचे लोणाचे दोन, असे तीन गुण मिळवून जोतीराम सामना घेऊन गेला असता.

जोतीरामने डावीकडे हूल दिली. महिपती गर्रकन वळला, त्याची पाठ मागच्या रेषेकडे झाली. जोतीरामचा हात त्याच्या कमरेमागून फिरला आणि तो मध्यरेषेकडे पळत सुटला. रेषा ओलांडली तेव्हा तो ओरडत होता, "लागला! लागला!" त्याच क्षणी वेळ संपल्याची शिट्टी झाली.

पंचांना मधे महिपतीचे अंग आले होते. रेषापंच दुसऱ्या कोपऱ्याला होता. मी मैदानाच्या मध्यावर टेबलापाशी, त्यामुळे मलाही ती पाठ दिसली नाही. ती दिसू शकत होती ती एकाच माणसाला. भानुदासराव मागच्या रेषेपलीकडे, महिपतीपासून सहा फुटांवर, लोखंडी खुर्चीत बसले होते.

माझी नजर सवयीने त्यांच्याकडे गेली. त्यांचा उजवा हात मांडीवरून वीतभर वर आला होता. तो तिथेच थांबला, आणि मग हळूच खाली गेला.

पंचांनी गुण नाकारला. इंदापूरची माणसे मैदानात घुसली. खुर्च्या सरकल्या, कोणी कोणाची गचांडी धरली. तेव्हा जोतीरामनेच दोन्ही हात पसरून आपल्या माणसांना मागे लोटले.

"ए, सरका मागं! आबा तितंच बसल्यात की. आबांना इचारा. त्यांचा शब्द मला मंजूर."

"आरं, ते बारामतीचं चिटणीस हायती!" कोणीतरी मागून ओरडले.

"असू द्या. ते आबा हायती."

माणसे मागे सरकली. पंचही जणू ओझे उतरल्यासारखे भानुदासरावांकडे वळले. महिपती मान खाली घालून उभा होता. भानुदासराव उठले. त्यांनी एकदा महिपतीकडे पाहिले, मग जोतीरामकडे.

"न्हाय लागला," ते म्हणाले.

एवढेच. एकाही माणसाने पुन्हा विचारले नाही. हुज्जत घालायला आलेली माणसे पायताणे शोधत परत गेली. मी गुणपत्रिकेवर सत्तावीस-सव्वीस लिहिले, खाली रेघ मारली आणि सही केली. त्या सहीसाठी मी आजतागायत कोणाला दोष दिलेला नाही. ती माझी आहे.

आम्ही सामान बांधत असताना जोतीराम आला. अंगाला मैदानाची माती तशीच होती. त्याने वाकून भानुदासरावांच्या पायांना हात लावला.

"आबा, माफ करा. मला वाटलं लागला म्हून. उगं एवढी मान्सं उठवली मी."

भानुदासरावांनी त्याला उठवले. त्यांना काहीतरी बोलायचे होते असे मला वाटले. पण गाडी सुरू झाली होती आणि पोरे त्यांना हाका मारत होती.

महिपतीला जूनमध्ये नोकरी लागली. धोंडाबाई पेढे घेऊन आली, तेव्हा भानुदासरावांनी पेढा घेतला आणि कागदात बांधून खिशात ठेवला. पुढच्या वर्षी जिल्हा संघटनेच्या निवडणुकीत ते बिनविरोध उपाध्यक्ष झाले. इंदापूर तालुक्याची सगळी मते त्यांनाच पडणार हे आधीच ठरलेले, त्यामुळे समोर कोणी उभेच राहिले नाही. सत्कारात इंदापूरचेच वक्ते बोलले. अख्खा जमाव उलटलेला असताना ज्याच्या एका शब्दावर मैदान शांत होते असा माणूस आता तयार होत नाही, असे ते म्हणाले. टाळ्या पुष्कळ पडल्या. भानुदासराव नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यानंतर त्यांनी दोनदा राजीनामा पाठवला, कारण 'वैयक्तिक'. दोन्ही वेळा संघटनेने तो एकमताने नामंजूर केला आणि त्यांच्या निरिच्छतेची इतिवृत्तात नोंद केली.

१९९७ च्या मे महिन्यात मी कन्हेरीला त्यांच्या घरी गेलो होतो. ते अंघोळीला गेलेले असताना त्यांच्या पत्नी अक्काबाई मला म्हणाल्या, "तात्या, ह्यांना काय हुतंय ते तुमी तरी इचारा. विहारात वंदना ह्येच सांगत्यात. पर पाच शिलं म्हनताना चौथं आलं की ह्यांचा आवाज बंद. लोकं आपली म्हनत जात्यात, ह्ये गप. पाचव्याला परत सुरू. तीन वरसं झाली. कुनाच्या ध्यानात न्हाय, पर मी शेजारी बसते ना."

चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, हे मला ठाऊक होते.

ते आले तेव्हा मी सरळ विचारले. आडवळणाने बोलणे आमच्यात नव्हते. "त्या दिवशी तुमचा हात वर आला होता."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "तुमी बघितला?"

"हो."

"मग तीन वरसं गप का बसलात?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. खुंटीवरचा सदरा अंगात घालत ते म्हणाले, "म्हिपतीचं नुकसान आता हुयाचं न्हाय. पर जोतीरामनं खेळ सोडलाय म्हनं. चला, वरकुट्याला जाऊन यू."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. जोतीराम गोठ्यापुढे कडबा कापत होता. आम्हाला पाहून त्याने यंत्र बंद केले, खाट झटकली, बायकोला हाक मारली. "कौसल्या, च्या टाक. बारामतीचं आबा आल्यात. सांगत नव्हतो का तुला, त्येच." अंगाने तो जड झाला होता.

"खेळ का सोडला?" भानुदासरावांनी विचारले.

"काय सांगू आबा." तो आपल्या बोटांकडे पाहून हसला. "चढाईला गेल्यावर हात लागला का न्हाय ते ह्या बोटांना कळतं. कळलं की फिरायचं. त्या दिवशी बोटांनी सांगितलं लागला, आन् न्हवता लागला. त्यानंतर भरवसाच गेला. लागल्यावर बी वाटायचं, खरंच लागला का? तेवढ्यात पकडायची पोरं. एक हंगाम बघितलं. मग म्हनलं, बास."

"जोतीराम, तुझा हात लागला हुता."

"कवा?"

"इंदापूरला. म्हिपतीच्या पाठीला, कमरेच्या वर. चारी बोटं लागली. मी बघितली आन् न्हाय म्हनलो. खोटं बोललो मी."

जोतीराम कौसल्येकडे वळला. "तू कुनाजवळ बोललीस व्हय, मी मनाला लावून घेतलंय म्हून?"

"मी कशाला बोलू? ह्यास्नी मी आज पयल्यांदा बघतीय."

"मग कुनीतरी सांगितलंय." त्याने भानुदासरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आबा, तुमचं मन मोठं हाय. पर माझ्यापायी ह्या वयात खोटं बोलू नगा. तुमाला ते जमत बी न्हाय. आवाज बघा कसा कापतुय."

"जोतीराम, ते खरे सांगताहेत," मी म्हणालो.

"तात्या, तुमी बघितला का हात लागलेला?"

मी पाहिलेलेच सांगतो. "तो नाही पाहिला. ह्यांचा हात मांडीवरून वीतभर वर आलेला पाहिला."

"माशी बसली आसंल," जोतीराम म्हणाला, आणि कौसल्या तोंडाला पदर लावून हसली.

"म्हिपतीला इचार," भानुदासराव म्हणाले. त्यांचा आवाज आता खरोखरच कापत होता. "त्याच्या पाठीला लागला हुता. त्याला इचार."

"इचारलं की. त्याच साली, त्याच्या नोकरीच्या पेढ्याला गेलतो तवा. त्यो म्हनला, आबांनी सांगितलं तेच खरं." जोतीरामने चहाची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या, गार हुईल. आबा, मी एकच मानतो. त्या दिवशी तुमी माझं मन राखायला व्हय म्हनला असता, तर मी खोट्यावर जिंकलो असतो. खेळ गेला त्ये जाऊ द्या. तुमच्यासारखा मानूस बघितला, त्ये ऱ्हायलं."

भानुदासरावांनी चहा घेतला. मग पुन्हा एकदा म्हणाले, "लागला हुता रं." पण ते इतके हळू की ते मला ऐकू आले, जोतीरामला आले की नाही सांगता येत नाही.

तो आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आला. एसटी भरून आली. दारात गर्दी पाहून जोतीराम पळत पुढे गेला, खिडकीतून आपला गमजा आतल्या बाकावर टाकला आणि आतल्या माणसांना बजावले, "वडीलधारं मानूस हाय. जागा धरलीय त्यांची."

आतल्या लोकांनी ती जागा मोकळी ठेवली. भानुदासरावांनी गमजा उचलला, नीट घडी केली आणि खिडकीतून जोतीरामच्या हाती दिला. गाडी हलली. त्या बाकावर एक बाई पोर घेऊन बसली. भानुदासराव वरची दांडी धरून बारामतीपर्यंत उभे राहिले.