घरातल्या कुणाचाच

सुई जवळ येताच एदिलेउझानं लेकीची बाही खाली ओढली.

"आधी कागद."

डॉक्टर मिर्तेसनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. "कसला कागद?"

"सहा वर्षांत चार वेळा रक्त नेलंत हिचं. जन्मली तेव्हा नाळही नेलीत. व्यायामाची बाई बंद झाली, दवाखान्याची गाडी बंद झाली, तुमची सुई तेवढी वेळेवर येते. काय सापडलं ते आज सांगा. आणि लिहून द्या."

मांडीवर रायसा होती. लहानसं डोकं, काठीसारखे ताठ पाय, आणि आईचा आवाज आला की ओठांच्या कोपऱ्यात उमलणारं, फक्त आईलाच दिसणारं हसू.

शेजारी सासू, दोना झुल्मिरा, पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. "लिहून काय द्यायचंय? पोटुशी असताना केस सोनेरी करून घेतलेस. ते औषध उतरलं खाली."

"ऐकलंत? सहा वर्षं ताटात हेच वाढतात मला. हेच ऐकून ऐकून नवरा साओ पाउलोला गेला, तो गेलाच."

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या.

"केसांचा काही संबंध नाही. गर्भातल्या मेंदूत बारीक पेशी असतात, मायक्रोग्लिया. झाडलोट त्यांचीच, राखणही त्यांचीच. मेलेलं उचलतात, नको ते धागे छाटतात, मेंदूला नीट वाढू देतात. डासानं आणलेला झिकाचा विषाणू त्यांच्यातच शिरला. त्या बिथरल्या. विषाणूवर त्यांनी जी आग पाखडली, ती कोवळ्या पेशींनाच लागली. ज्यांच्यातून मेंदू घडायचा, त्यांनाच."

एदिलेउझाचा हात लेकीच्या टाळूवर थांबला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तीन-चार वर्षं झाली. लेख छापला होता आम्ही."

"तुमच्या सुईला माझं घर बरोबर सापडतं. लेखालाच पत्ता सापडला नाही?"

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि त्या लिहू लागल्या: रायसाच्या आजारात आईचा काहीही दोष नाही.

पुठ्ठ्याचा वारा थांबला होता.

"डॉक्टरबाई," दोना झुल्मिरानं हळूच विचारलं, "तो डास लांबून येतो का हो?"

"नाही. घरातलाच, फार तर शेजारचा. साठवलेल्या पाण्यात होतो."

म्हातारी आपल्या हातांकडे बघत राहिली. "पिंपाचं झाकण फुटलं होतं. ही म्हणाली, नवं आणू. मी म्हटलं, राहू दे."

सहा वर्षांचं सगळं एदिलेउझाच्या जिभेवर आलं. तिनं ओठ मिटले, रायसाची हनुवटी पुसली, मग कागदावर बोट ठेवलं.

"'आईचा' खोडा. 'घरातल्या कुणाचाच' असं लिहा."

डॉक्टरांनी खोडून वर लिहिलं.

"आणि त्या वर्षी नळाला वीस-वीस दिवस पाणी नव्हतं. पिंपं भरून ठेवली नसती तर प्यायलो काय असतो? तेही लिहा."

"अहो, हे आजाराच्या कागदावर कसं लिहू?"

"मग हा आजार कुठनं आला?" एदिलेउझानं विचारलं.