पहिला ठोका

"जुन्या तारा कुठे टाकल्यास?" थर्मनने मांडीवरच्या बेस गिटारवरून नजर न काढता विचारलं.

"कचऱ्यात. सकाळीच गाडी घेऊन गेली," त्याची लेक डेनीस म्हणाली. "पार गंजल्या होत्या, बाबा. म्हटलं, आज एवढा कार्यक्रम, नव्या घालाव्यात."

थर्मनने जाड तार छेडली. ती घणघणतच राहिली. त्याने ती तळहाताने दाबून धरली.

त्या तारा त्याने वर्षानुवर्षं बदलल्या नव्हत्या. त्यांचा तो दबका, बुक्कीसारखा आवाज म्हणजेच त्याचा बँड. फंक नावाचं ठेक्यावरचं नाचरं संगीत कशाशी खातात हे अमेरिकेतल्या डेटन गावात कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा स्केटिंगच्या हॉलमध्ये थर्मन गायकाला मागे सारून बेस घेऊन पुढे उभा राहिला होता. लोक आधी हसले, मग नाचले. आज तो हॉल कायमचा बंद होण्याआधीची शेवटची संध्याकाळ होती.

पण खरा घोर ओथाचा होता. पहिल्या दिवसापासूनचा ड्रमवाला ओथा आता ठार बहिरा झाला होता. बेसचा धक्का तळपायाला लागला की त्याला पहिला ठोका सापडे. या घणघणाटात तो कसला सापडणार? हॉलच्या मालकाने तर दुसरा ड्रमवाला बोलावूनही ठेवला होता.

डेनीसचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? शेगडीजवळचा तळणाच्या चरबीचा डबा आण."

"नव्या तारांना चरबी?"

"जुन्यांना तुझ्या आजीच्या तळलेल्या कोंबडीची लागली होती. हात पुसायची अक्कल कुठे होती मला?"

संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये ओथाने बूटमोजे काढून अनवाणी पाय स्पीकरवर ठेवला. थर्मनने तार ओढली. ओथाने मान हलवली. नाही.

मालक पुढे आला. "थर्मन, हट्ट सोड. त्या पोराला ड्रमवर बसव."

"तो बसला की मी निघालो," थर्मन म्हणाला आणि उरलेली चरबी त्याने तारांवर थापली. तारांच्या खाली डेनीसचा स्कार्फ घट्ट कोंबला.

या वेळी आवाज बुक्कीसारखा उमटला आणि जागीच थांबला. ओथाने डोळे मिटले.

"लेका, वास कसला मारतोस," तो हॉलभर ऐकू जाईल असं ओरडला, आणि त्याची काठी नेमकी थर्मनच्या ठोक्यावर पडली.

लोक उठले, टाळ्या पडू लागल्या. जन्मभर सगळ्यांच्या पुढे उभा राहिलेला थर्मन त्या संध्याकाळी लोकांकडे पाठ करून, ओथाच्या पायाकडे बघत शेवटपर्यंत वाजवत राहिला.