पाणंदीवरचा पहारा

शिपाई रायभान गाझातल्या युनोच्या शांतिसेनेतून सुट्टीवर पेडगावला आला, तेव्हा पहिल्याच दिवशी पारावर त्याला विचारण्यात आलं, की तिकडं त्यानं किती माणसं मारली.

"एक बी न्हाई. मारायचं न्हवतंच."

"मग काय करायचं होतं?"

"दोन मुलखांच्या मधी उभं राहायचं. हद्द कोण वलांडतो ते बघायचं अन् वर कळवायचं. आपल्यावर गोळी आली तरच गोळी."

"अन् एवढ्यासाठी जहाजातून नेलं?"

"हां. निळी टोपी बी दिली."

लोकांनी विषय बदलला.

ते १९५८ साल होतं, ज्वारी हुरड्याला आली होती, आणि गावात एक तंटा पेटला होता. रायभानचा थोरला भाऊ धोंडीबा मेंढरं राखायचा. त्याची मेंढरं ओढ्यावर पाण्याला जायची ती आप्पारावांच्या ज्वारीच्या कडेच्या गाववाटेनं, पाणंदीतून. आप्पारावांनी पाणंदीत बोराटीचं कुंपण घातलं. धोंडीबानं ते उपटलं. आप्पारावांच्या गड्यानं दगड मारून एका मेंढीचा पाय मोडला. आता पुढं कुऱ्हाडीच निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही घरी धार लावून झाली होती.

रायभानची माय नर्मदाबाई म्हणाली, "शिपाई हाईस ना? मग जा भावासंगं."

"संगं न्हाई जाणार, माय. मधी जातो. पण दोघं हां म्हणले तरच."

तो आप्पारावांकडं गेला. ते म्हणाले, "तू त्याचा भाऊ. तुझा काय भरवसा?"

"भरवसा नका ठिवू, मालक. मी फकस्त जे दिसंल ते चावडीवर सांगीन. त्याचं बी, तुमचं बी."

आप्पारावांनी पानाला चुना लावायला घेतला. त्यांची बायको धुरपदाबाई दाराआडून म्हणाली, "हां म्हणा की. डोकं फुटण्यापरीस बरं." तेव्हा ते हां म्हणाले. धोंडीबा तर हसतच हां म्हणाला. पहाऱ्यावर सख्खा भाऊ, मग काळजी कसली?

रायभान पाणंदीत उभा राहू लागला. काठी नेत नसे. दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली की मध्ये जायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खायचा. एकदा एक ढेकूळ त्याच्या कानावर बसलं. कुणी मारलं ते दिसलं नव्हतं, म्हणून त्यानं कुणाचंच नाव घेतलं नाही.

मग आप्पाराव मानवतच्या बाजाराला गेले त्या दिवशी धोंडीबानं मेंढरं सरळ ज्वारीत घातली.

"दादा, भायेर काढ."

"तू तोंड फिरीव तिकडं."

"फिरवता येत न्हाई."

"कोणाचा हाईस तू?" धोंडीबा ओरडला.

तिकडं गाझात हद्द ओलांडणारा कुणीही असला, तरी त्यानं लहानपणी रायभानला कडेवर घेऊन ओढा पार केलेला नसायचा. तो उभा राहिला आणि बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यानं सांगितलं, "मेंढरं चुकून शिरली न्हाईत. दादानं घातली."

आप्पारावांनी मिशीवर हात फिरवला.

"अन् हद्दीचा जुना दगड मालकांच्या ज्वारीत हाय," रायभान पुढं म्हणाला. "त्यांनी पाणंदीतलीच जमीन पेरली हाय."

आप्पारावांचा हात खाली आला.

पंचांनी जाऊन दगड पाहिला. कुंपण काढायचं ठरलं आणि खाल्लेल्या ज्वारीबद्दल धोंडीबानं आप्पारावांच्या रानात मेंढरं बसवून खत द्यायचं ठरलं. दोघं चावडीतून एकमेकांशी बोलतच बाहेर पडले. कित्येक महिन्यांत ते बोलले नव्हते. विषय रायभान हा होता, आणि त्याच्याबद्दल दोघांचं एकमत होतं.

त्या संध्याकाळी नर्मदाबाईनं भाकर वाढली, पण तोंड चुलीकडं ठेवलं. धोंडीबानं बोलणं टाकलं.

सुट्टी संपली. निघताना रायभाननं बायकोला, बानूबाईला विचारलं, "दादा कुठं हाय?"

"मेंढरं घेऊन गेलेत पाण्याला."

"पाणंदीनं?"

"हां. आप्पारावांचा गडी बी हाय संगं. दोघं बिडी वढत चालले होते."

"माझं काय म्हणले?"

बानूबाईनं थोडा विचार केला. "ते न्हाई सांगता येणार," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर ट्रंक चढवली.