आवाजाची जागा

धाकट्याची नजर गेली त्या वर्षी घरातल्या कितीतरी वस्तू माळ्यावर गेल्या. सगळ्यात आधी गेला तो त्याचा गेम कन्सोल. त्याने स्वतःच चाचपून त्याच्या वायरी गुंडाळल्या, खोक्यात भरल्या आणि खोकं ताईच्या हातात दिलं. ताईने ते तसंच माळ्यावर चढवलं. ती बेकरीत पावाच्या भट्टीवर काम करायची. पहाटे उठणारी, तोंडाने फटकळ, पण जखमेवरची खपली काढू नये एवढं तिला कळत होतं.

पुढे धाकटा सावरला. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्याला नोकरी मिळाली आणि त्या कामात तो चांगलाच मुरला. फोन उचलणारा नुसता खाकरला तरी कोणत्या वॉर्डातून बोलतोय हे तो सांगायचा. हॉस्पिटलची गाडी त्याला न्यायची आणि आणून सोडायची. कामाला जायचं आणि घरी यायचं, एवढंच त्याचं जग. ताई म्हणायची, हेही नसे थोडके.

एका संध्याकाळी तो घरी आला तो चप्पल न काढताच म्हणाला, "ताई, ते गेमचं खोकं माळ्यावरच आहे ना?"

झालं होतं असं, की मारामारीचे गेम काही माणसं डोळ्यांनी नव्हे, कानांनी खेळतात असं त्याला कामावर कुणीतरी सांगितलं होतं. पावलांचा आवाज, उडीचा आवाज, ठोसा हवेत गेला की कुठे लागला त्याचा आवाज, सगळं वेगवेगळं असतं म्हणे. ताईने स्टूल घेतलं आणि खोकं उतरवलं. तरुणपणी दोघं असाच एक मारामारीचा गेम तासन्‌तास खेळायची. ताई नेहमी हरायची आणि दोष द्यायची हातातल्या रिमोटला. नाचता येईना अंगण वाकडं, असं आई आतून ओरडायची.

कन्सोल सुरू झाला. पण धाकट्याचे ठोसे एकामागून एक हवेत जात राहिले. ताईचा माणूस डावीकडे उभा, तर हा उजवीकडे लाथा झाडतोय. बऱ्याच वेळाने त्याने रिमोट मांडीवर ठेवला.

"आवाज येतो गं," तो म्हणाला, "पण त्याला जागाच नाही. दोघंही एकाच तोंडाने बोलतायत."

टीव्हीचा स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेला. त्यातून सगळा आवाज गोळा होऊनच यायचा. कानाला हेडफोन लावायचा, तर टीव्हीला त्याची जागा नाही, जुन्या कन्सोलला नाही, रिमोटलाही नाही. चित्र आणि आवाज दोन्ही त्या एकाच एचडीएमआय वायरीतून टीव्हीत जायचे. टीव्हीला बिनतारी हेडफोन जोडता येतो हे कळल्यावर ताईने शेजारणीचा मागून आणला. पण त्यात आवाज मागे पडायचा. धाकटा आधी आडवा व्हायचा आणि मग त्याला ठोसा ऐकू यायचा. तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. ताईने ते ओळखलं आणि मनाशी खूणगाठ बांधली.

बेकरीच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या रोज ताईकडून पाव न्यायच्या. ताईने दुसऱ्या दिवशी पाव बांधता बांधता सगळी कर्मकथा सांगितली. दुरुस्तीवाल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चित्र आणि आवाज एकाच गाडीतून जातात ना, मग आवाजाला मधल्याच स्टेशनवर उतरवून घ्यायचं. त्यांनी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी डबी दिली. कन्सोलची वायर एका बाजूने आत, टीव्हीकडे जाणारी दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि कडेला हेडफोनसाठी भोक. जमलं नाही तर परत आणा, असंही म्हणाल्या.

ताईने घरी येऊन जोडणी केली. टीव्हीवर दोन्ही पहिलवान जागच्या जागी उड्या मारू लागले. हेडफोनमध्ये मात्र चिडीचूप. तिने वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. आवाजाचा पत्ता नाही. उद्या ही डबी बाईंच्या कपाळी मारते, असं पुटपुटत ती उठली.

"थांब," धाकटा म्हणाला. "चित्र येतंय ना? मग रस्ता चालू आहे. आवाज कुठे अडलाय ते बघू. तू वाच, मी ऐकतो."

बोर्डावर तो हेच करायचा. लाइन लागली नाही की कुणावर खेकसायचं नाही, कुठे तुटली ते शोधायचं. ताईने चष्मा चढवला आणि डबीबरोबरचा मुंगीच्या अक्षरांतला कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की हेडफोनच्या भोकातून फक्त डावा आणि उजवा असा दोनच बाजूंचा आवाज निघतो. मग तिने कन्सोलची सेटिंग्ज एकेक करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आवाजाच्या पानावर आल्यावर तिने वाचलं, की कन्सोल सहा स्पीकरांसाठीचा आवाज पाठवतोय.

धाकट्याने मांडीवर थाप मारली. "मग ती बिचारी काय करणार? तिला दोनच कान आणि हा सहा जणांचं एकदम सांगतोय. दोन कर, स्टिरिओ."

ताईने स्टिरिओ निवडलं. डबीच्या अंगावरही एक बारीकसं बटण होतं, ते नखाने सरकवून दोनवर आणलं. धाकटा एकदम ताठ बसला. हेडफोनवर दोन्ही हात दाबून तो कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिला.

"ताई, तू डावीकडे आहेस," तो म्हणाला. मग हळूच, "आता पुढे आलीस. आता उडी मारलीस."

आणि हवेतच त्याने तिला असा ठोसा लगावला की तिचा पहिलवान पडद्याच्या पार टोकाला जाऊन आदळला. ती हरली, पुन्हा हरली, सपाटून हरली. मुद्दाम हरतेस का, असं त्याने संशयाने विचारलं, तेव्हा ती घामेजलेले तळहात साडीला पुसत म्हणाली, जीव तोडून खेळतेय मेल्या, तू गप खेळ. त्या दिवशी भाजी करपली आणि दोघांनी ती मिटक्या मारत खाल्ली.

मग त्याला चटक लागली. वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी याच गेमची स्पर्धा आहे असं कळल्यावर त्याने ताईला न विचारताच फोनवरून नाव दिलं. ताई नको नको म्हणू लागली. लोक बघतील, कीव करतील, तिथे याचं काही चुकलं तर? पण तो हट्टाला पेटला होता. एका टेबलावर स्वतःचा कन्सोल आणि डबी लावायची परवानगीही त्याने मिळवून ठेवली होती.

पहिला सामना एका पोस्टमनशी होता. त्याने पांढरी काठी पाहिली आणि सांभाळून, हात राखून खेळायला लागला. पहिल्या फेरीत सपशेल लोळल्यावर तो खुर्चीत सरसावून बसला, पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर एक दातांचे डॉक्टर आले. तेही गेले. टेबलाभोवती गर्दी जमली. ताई भिंतीला टेकून उभी होती, तिला बसवेना.

तिसरी आली ती क्रेन चालवणारी एक धिप्पाड बाई. पहिली फेरी धाकट्याने खिशात घातली. दुसऱ्या फेरीत मात्र त्या बाईने आपला पहिलवान खाली बसवला आणि हलवलाच नाही. पाऊल नाही, उडी नाही. धाकटा शोधत पुढे गेला आणि तिने खालून असा तडाखा दिला की खेळ खलास. तिसऱ्या फेरीतही तेच. धाकटा हरला.

ताई भिंत सोडून पुढे सरसावली. पण धाकटा हेडफोन काढून खदखदून हसत होता. "तुम्ही चूप बसलात," तो म्हणाला.

"तुमचा कान केवढा तिखट आहे ते पहिल्या फेरीत कळलं ना," बाई म्हणाली. "मग काय करू? मी माझासुद्धा श्वास रोखून बसले होते."

आजवर लोकांनी त्याला रस्ता ओलांडून दिला होता, खुर्ची दिली होती. त्याला हरवण्यासाठी एवढं डोकं मात्र कुणी लढवलं नव्हतं. धाकट्याचा चेहरा असा फुलला की ताईला तिकडे बघवेना. ती उगाच वायरी गुंडाळत बसली.

क्रेनवाल्या बाईने हेडफोन लावून, डोळे मिटून स्वतः खेळून पाहिलं आणि पोस्टमनकडून मार खाल्ला. मग तिने सांगितलं, की आम्ही काही जण दर गुरुवारी संध्याकाळी इथे जमतो, तुम्हीही या.

घरी जाताना ताईने मनातल्या मनात गुरुवारचा हिशेब मांडला. पहाटे भट्टी, म्हणजे संध्याकाळी लवकर झोपायला हवं. तरी ती म्हणाली, येईन मी सोडायला.

"नको," धाकटा म्हणाला. "दोनच वळणं आहेत. येताना मोजली मी. मी जाईन."

गुरुवारी पाठीला पिशवी लावून तो एकटा निघाला. ताई खिडकीत उभी राहिली. काठीची टकटक कोपऱ्यापर्यंत ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली. तिला झोप कुठली यायला. तिने पीठ चाळलं, डबे पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. शेवटी जिन्यावर शीळ ऐकू आली तेव्हा ती घाईघाईने अंथरुणावर आडवी झाली.

"झोपेचं सोंग पुरे," दारातून धाकटा म्हणाला. "उठ, सांगायचंय."

"जिंकलास?"

"एकदा. ती क्रेनवाली श्वास रोखते, पण आता तिला मध्येच हसू फुटतं."

ताई उठून बसली आणि म्हणाली, आधी हातपाय धू, मग पहिल्यापासून सांग.