मादरे ओर्सोलाची अक्षरपेटी

माझा नवरा तादेओ फेरारा शहरात वाद्यं बनवायचा. पट्टी दाबली की कावळ्याचं पीस तार छेडतं, तसली लांबट वाद्यं. लाकूड त्याचं, तारा आणि पिसं माझी. काम बरं चालायचं, पण त्याच्या डोक्यात सतत दुसरंच काहीतरी असायचं. एकदा त्याने आपोआप हलणारा पाळणा केला. शेजारणीचं बाळ त्यात गाढ झोपलं. खडखडाटाने उरलेली सगळी गल्ली मात्र जागी झाली.

वेशीजवळच्या जोगिणींच्या मठातलं वाद्य सुरात लावायला आम्ही दर वसंतात जायचो. मठाच्या प्रमुख मादरे ओर्सोला यांची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी वाद्य त्याच वाजवायच्या. त्या वर्षी त्यांनी बाकीच्या बायकांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"मास्त्रो, माझी धाकटी बहीण कामिल्ला मोदेनाला असते," त्या तादेओला म्हणाल्या. "मी पत्र सांगते, सुओर पेत्रोनिया, इथली तरुण जोगीण, लिहून घेते. पोरगी गुणाची आहे. पण तिच्यासमोर मी मादरे, म्हणजे सगळ्यांची आई, असते. मग पत्रात जातं काय, तर आशीर्वाद आणि द्राक्षांचं पीक. माझी बोटं अंधारातही चुकत नाहीत. बोटांनी लिहिता येईल असं काहीतरी करून द्या."

"आणि उत्तर आलं तर? ते कोण वाचणार?" मी विचारलं.

"कुणीही वाचो, बोना. बोलायचं मला आहे."

घरी येईपर्यंत तादेओची बोटं हवेतच पट्ट्या दाबत होती. तेव्हाच मी ओळखलं, आता वर्षभर आमच्याकडे नवीन वाद्य होत नाही.

छापखान्यातून त्याने शिशाची अक्षरं आणली, आमच्या लिपीत असतात तेवढी, एकवीस. प्रत्येक अक्षर एका लाकडी दांडीच्या टोकाला बसवलं आणि दांडी पट्टीला जोडली. पट्टी दाबली की दांडी उठून कागदावर आपटायची. शाईने मात्र छळलं. अक्षरांना लावली तर ती तिसऱ्या शब्दापर्यंत वाळायची, जास्त लावली तर कागदभर डाग. शेवटी मी माझ्या लग्नातल्या झग्याच्या बाहीची रेशमी पट्टी काढली, काजळी आणि जवसाच्या तेलात भिजवली आणि दांडी व कागदाच्या मध्ये ताणून धरली. अक्षर उमटलं. तादेओने कागद उजेडात धरला.

"दुसरी बाही पण लागेल," तो म्हणाला.

मादरे ओर्सोला आठ दिवसांत ही अक्षरपेटी शिकल्या. पत्र लिहायला बसल्या की खोलीत एकट्या. घडी घालून स्वतःच लाख लावायच्या.

दोन महिन्यांनी त्यांचं बोलावणं आलं. चेहरा गंभीर होता.

"परवा मी कामिल्लाला लिहिलं की थंडीने पाय गारठतात, झोप लागत नाही. ते पत्र अजून माझ्या पेटाऱ्यात आहे. आणि काल संध्याकाळी माझ्या अंथरुणात, पायाशी, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट."

तादेओने मान खाली घातली. त्याला लगेच कळलं. वाद्यं करायच्या सवयीने त्याने एकवीस दांड्या एकवीस मापांच्या कापल्या होत्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा.

पलीकडच्या खोलीत बसणाऱ्या पेत्रोनियाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"मी मुद्दाम नाही ऐकलं, मादरे. मी पलीकडे शिवत बसते. आधी नुसती टकटक होती. पण प्रत्येक पत्राची सुरुवात सारखीच वाजायची. मग वाटलं, हे 'कामिल्ला' असणार. एवढी अक्षरं कळल्यावर बाकीची..."

"सगळं कळलं?"

"बरंचसं."

"आईचा चेहरा मला आठवेनासा झालाय, तेही?"

पेत्रोनिया रडायला लागली. मादरे ओर्सोलांनी पेटीवर हात ठेवला.

"ते मी बहिणीला सांगत होते, तुला नाही," त्या म्हणाल्या.

"हो, मादरे."

"वीट मात्र चांगली होती."

मी त्याच दिवशी प्रत्येक दांडीखाली लोकरीची चकती चिकटवली. आवाज गेला. पेत्रोनियाने वीट ठेवणं सोडलं नाही, फक्त आता ती आधी विचारायची. कधी कधी दोघी थोडा वेळ बोलत बसायच्या, असं स्वयंपाकघरातल्या बाईने मला सांगितलं.

द्राक्षं उतरल्यावर कामिल्ला स्वतः मोदेनाहून आली. खेचरावर बसून, एका नोकराबरोबर. तीन दिवस ती मठात भेटायला येणाऱ्यांसाठी असलेल्या जाळीशी बसून होती. बहिणी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी गेले तेव्हा त्या कुठल्याशा मावशीच्या नाकावरून हसत होत्या, आणि कामिल्ला आईचं कपाळ, भुवया, हनुवटीवरचा तीळ असं एकेक करून सांगत होती.

निघायच्या आधी कामिल्ला आमच्या दुकानात आली.

"पहिलं पत्र उघडलं तर सगळी अक्षरं वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली," ती म्हणाली. "वाटलं, कुणा मुलानं खोडी केलीय. दोन ओळी वाचल्या आणि खाली बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा ओर्सोलाचं स्वतःचं पत्र आलं होतं."

"तुम्हालाही एखादी पेटी हवी का?" तादेओने विचारलं.

"माझे डोळे चांगले आहेत. पण लिहिताना माझा नवरा पाठीमागे उभा राहतो."

"तो तर पेटीवरही वाचेल."

"कागदाच्या कोऱ्या पाठीवरून त्याला काही वाचता येणार नाही," कामिल्ला म्हणाली. "लिहिलेली बाजू झाकून कागद आतल्या अंगाला वळेल अशी करा."

ती दुसरी पेटी. तिसरी एका विधवेने मागितली, चौथी मांतुआच्या एका वकिलाने. आता मोदेनापासून समुद्रापर्यंत कुणाचंही पत्र उघडा, तीच काळी, सरळ उभी अक्षरं. लोकांची पत्रं लिहून पोट भरणाऱ्या लेखनिकांनी आधी आमच्या दारावर चिखल फेकला, मग स्वतःच पेट्या विकत घेतल्या. लोकरीची चकती सगळ्यांनाच लागते. आमच्याकडे सहा बायका फक्त तेवढंच काम करतात, आणि कामावर यायची पहिली अट मी घालते, की लोकर कापताना गप्पा मारल्याच पाहिजेत; मुकं राहायचं ते पेट्यांनी.