एकतीस घरांचा घेवडा

पुढारणीने ओलं गोणपाट पुन्हा उलगडलं आणि एकेक दाणा बोटाने बाजूला सारत मोजला. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. कोंब फुटलेले तीन. बाकीचे फुगून मऊ पडले होते. चिमटीत धरला की सालीतून बुळबुळीत गर बाहेर येई. आधीच्या चाचणीत निदान चार तरी निघाले होते.

बीजघराच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात पाटी होती : शंभरात साठाच्या खाली उगवलं तर पेरू नये.

शहरात तरुण कार्यकर्त्यांचं तीन आठवड्यांचं शिबिर करून ती परतली, तेव्हापासून गाव तिला पुढारीण म्हणू लागलं. आधी चेष्टेने, मग सवयीने. बी आपलं तर ताट आपलं, दुकानातलं पाकीट दरवर्षी नव्याने आणावं लागतं, हे तिने इतक्या दारांत सांगितलं की गावातल्या कोंबड्यांनाही ते पाठ झालं असावं. शेवटी एकतीस घरांनी आपला ठिपक्यांचा घेवडा तिच्या पिंपात ओतला. हा घेवडा दुसऱ्या कुठल्या गावात नव्हता.

सर्वांत आधी ओतला चिमटीकाकूने. ही बाई मीठ चिमटीने देई, शाबासकी चिमटीने देई, आणि तिच्या घरच्या मुंग्या जेवायला शेजारी जात, असं म्हणतात. निम्मं खरं धरावं. तिने भरलं सूप उलटं केलेलं पाहून बाकीच्यांचे हात सैल सुटले.

दाणा दाताखाली कट्ट वाजल्याशिवाय पिंप बंद करायचं नाही, हे शिबिरात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. घेवड्याला अजून दोन उन्हं हवी होती. पण बीजघराच्या उद्घाटनाचे पाहुणे दोन दिवस आधीच आले. फोटोपुरतं म्हणून तिने झाकण लावलं, कडेने मेण ओतलं. संध्याकाळी उघडू, म्हणाली. संध्याकाळी तिचा सत्कार झाला. पिंप उघडलं ते आठ महिन्यांनी, पंधरवड्यापूर्वी. ओल कोंडून दाणे आतल्या आत गुदमरले होते.

पेरणी दहा दिवसांवर आली होती. त्यातच शिबिराच्या ताईंचा फोन आला. बीजघर कसं चालवतात ते शिकायला उद्या सहा मुलंमुली पाठवते, म्हणाल्या. ती "हो" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात पुसत राहिली.

चिमटीकाकूच्या दारात ती तीनदा जाऊन परत फिरली. चौथ्यांदा काकूनेच हाक मारली.

"उंबरा झिजवू नकोस. आत ये."

"काकू, घेवडा मेला."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. माझ्या हातून."

मग तिने मेणासकट, फोटोसकट सगळं सांगितलं.

"फोटो मात्र छान आला होता," काकू म्हणाली आणि आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा हातात पिठाने माखलेला डबा होता. झाकण निघालं. आत ठिपकेच ठिपके.

"तुम्ही तर सगळा दिला होता."

"सगळा दिला, असं तू भाषणात म्हणालीस. मी कधी म्हणाले?" काकूने चिमटीने नव्हे, ओंजळीने तिची पिशवी भरली. "आता घरोघर जा. पण एकेकाला गाठून विचार. चारचौघांत कुणी कबूल व्हायचं नाही."

ती गेली. घेवडा उशीच्या अभ्र्यातून निघाला, भिंतीवरच्या घड्याळामागून निघाला. सुताराने तो मोडक्या रेडिओच्या पोटातून काढला. वर म्हणाला, बातम्यांपेक्षा हा बरा. जो तो चोरी पकडली गेल्यासारखा दुसरीकडे बघे. कुणी तिला बोल लावला नाही. प्रत्येक घरी पिशवी जड होत गेली आणि तिची मान खाली जात राहिली. तिसाव्या घरापर्यंत एकही दार रिकामं गेलं नाही.

एकतिसावं घर तिचंच. तिथे विचारायचं कारण नव्हतं. आईने तर त्या दिवशी सुपाच्या पाठीवर थापा मारून शेवटचा दाणा झटकला होता.

तिने पिशवी ओट्याजवळ टेकवली आणि कुठून काय निघालं ते सांगितलं. आईने ओले हात पदराला पुसले. शिलाई मशीनचा खण ओढला, रिळं बाजूला केली आणि खालून गाठ मारलेलं फडकं काढून तिच्यापुढे ठेवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

तिने गाठ सोडली. एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला.

अर्धे दाणे तिने पिशवीत ओतले. उरलेल्यांची पुन्हा गाठ मारून फडकं आईच्या हातात दिलं.

"हे राहू दे."

आईने ते घेतलं, पण मशीनकडे वळली नाही.

"कुठे ठेवणार?"

"बघते," आई म्हणाली. "तू आधी बाहेर जा."